व्यापारी दफ्तर : जुनी मांडणी आणि नवी

व्यापाऱ्याचे भांडवल जितके तिजोरीत असते तितकेच त्याच्या दफ्तरात असते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, कोणता माल कोठून आला व कोणत्या भावाने गेला, याची साक्ष वही देते; आणि वहीच्या या साक्षीवर पेढीची साख उभी असते. पण दफ्तराची मांडणी एकच राहत नाही. राजवट बदलते, नाणे बदलते, वजने बदलतात, कराचा कायदा बदलतो, आणि प्रत्येक वेळी जुन्या मांडणीतील नोंदी नव्या मांडणीत उतरवाव्या लागतात. आपल्यापैकी अनेक पेढ्या आज याच कामात आहेत. कोणी वहीतून संगणकावर जात आहे, कोणी एका संगणकप्रणालीतून दुसरीत.

हे काम वरवर नक्कल करण्याचे दिसते. म्हणून ते बहुधा घरातील सर्वांत नव्या मुलाकडे किंवा बाहेरच्या कारकुनाकडे सोपवले जाते. आमच्या मते येथेच घोटाळ्याचे बीज पेरले जाते. नक्कल करणारा अक्षर हलवतो. स्थलांतर करणाऱ्याला अर्थ हलवावा लागतो. हा भेद नीट ध्यानात यावा आणि सभासद बंधूंच्या हाती काही व्यवहार्य नियम पडावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मांडणी म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवू. कोणत्या प्रकारची माहिती कोणत्या घरात लिहावी, त्या घरात काय चालते व काय चालत नाही, आणि एका घराचा दुसऱ्याशी संबंध कोणता, याचा जो ठराव तो मांडणी. संगणकाच्या परिभाषेत यालाच ‘स्कीमा’ म्हणतात. शब्द नवा, वस्तु जुनी. रोजकीर्द, खतावणी, मालवही, हुंडीची नोंद या प्रत्येकीची स्वतःची मांडणी आहे. काही नियम पानावर आखलेले असतात. परंतु पुष्कळसे कोठेच लिहिलेले नसतात. ते दिवाणजींच्या सवयीत असतात. ‘वरीलप्रमाणे’ असे लिहिले तर नेमके किती वरचे, एखाद्या नावापुढे टिंब असेल तर त्याचा संकेत काय, हे वही सांगत नाही, माणूस सांगतो. स्थलांतरात पहिला बळी जातो तो या अलिखित नियमांचा.

डावी बाजू आणि उजवी बाजू

सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्याच वहीचे आहे. देशी नामेपद्धतीत डावी बाजू जमेची व उजवी नाव्याची. रोजकीर्दीत जमेस लिहिलेली रक्कम खतावणीत त्या असामीच्या खात्यावर जमेच्याच बाजूस चढते. पाश्चात्य द्विनोंदी पद्धतीत खात्याची डावी बाजू डेबिटची, म्हणजे आपल्या नाव्याची, आणि उजवी क्रेडिटची, म्हणजे आपल्या जमेची. तेथे रोखवहीच्या डाव्या बाजूची रक्कम खतावणीत उजव्या बाजूस जाते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष आहेत. मात्र त्यांच्या बाजू परस्परविरुद्ध आहेत.

आता समजा, एका पेढीची वर्षअखेरची तेरीज अशी आहे : जमेस भांडवल १०,००० रुपये व घाऊक व्यापाऱ्याचे देणे ४,००० रुपये, नावे गिऱ्हाइकांकडील येणे ६,००० रुपये, माल ५,००० रुपये व श्रीशिल्लक ३,००० रुपये. दोन्ही बाजूंची बेरीज १४,००० रुपये. एखाद्या कारकुनाने डावीकडचे डावीकडे व उजवीकडचे उजवीकडे या न्यायाने हे आकडे नव्या प्रणालीत भरले, तर काय होईल? ज्या व्यापाऱ्याला आपण ४,००० रुपये देणे लागतो, तो आपला ऋणको ठरेल. ज्या गिऱ्हाइकांकडून ६,००० रुपये येणे, त्यांचे आपण देणेकरी ठरू. आणि तरीसुद्धा तेरीज जुळेल! बेरीज दोन्हीकडे १४,००० रुपयेच येईल, कारण सर्वच रकमा सारख्याच रीतीने उलटल्या आहेत.

यातून मिळणारा धडा मोलाचा आहे. तेरीज जुळणे हे शुद्धतेचे आवश्यक लक्षण आहे, पुरेसे लक्षण नाही. वरील उदाहरणात चूक उघडी पाडणारी एकच खूण आहे : श्रीशिल्लक क्रेडिटला गेली आहे. पेटीतील रोकड शून्य असू शकते, उणे असू शकत नाही. म्हणून स्थलांतरानंतर बेरजेवर न थांबता, ज्याचा प्रत्यक्ष वस्तूशी पडताळा घेता येतो असे एक तरी घर तपासावे. रोकड मोजावी, गोदामातील पोती मोजावीत, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला त्याची बाकी विचारावी. कागदाची परीक्षा कागदाने पुरी होत नाही.

आणे-पैचा हिशेब

दुसरे उदाहरण नाण्याचे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. तत्पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. आता १०० नवे पैसे झाले. (१ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळाले.) रुपया तोच राहिला, पाव रुपयाचे २५ व अर्ध्या रुपयाचे ५० नवे पैसे बिनचूक झाले, पण एका आण्याचे झाले सव्वासहा. नव्या मांडणीत पाव पैशाला घरच नव्हते. म्हणून कायद्याने नियम घातला की रक्कम जवळच्या नव्या पैशात धरावी, आणि दोन्हीकडचे अंतर समान असेल तर खालचा आकडा घ्यावा. त्याप्रमाणे एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ नवे पैसे झाले.

समजा दोन आणे दराच्या आठ जिनसा एका यादीत आहेत. जुन्या हिशेबाने त्यांचा एक रुपया होतो. प्रत्येक ओळ वेगळी बदलली तर बारा अठ्ठे शहाण्णव, म्हणजे चार पैसे बुडाले. उलट तीन आण्यांच्या सोळा जिनसा घेतल्या तर खरी रक्कम तीन रुपये. ओळवार बदलल्यास होते तीन रुपये चार पैसे. एकदा विक्रेत्याचा तोटा, एकदा गिऱ्हाइकाचा. कायद्याचा आशय असा होता की देण्याची जी एक रक्कम, तिच्यावर रूपांतर करावे. तेव्हा नियम असा निघतो : जेथे काटछाट अटळ आहे तेथे ती एकदाच करावी, शेवटच्या बेरजेवर करावी, आणि राहिलेला फरक वेगळ्या खात्यात उघडपणे दाखवावा. दडवलेला पैसा आणि हरवलेला पैसा यांत तपासनीसाला फरक दिसत नसतो.

वजनांची कथाही अशीच. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि अशा ४० शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७.३२ किलो, असे प्रमाण ठरले. पण त्यापूर्वी बाजारोबाजारचा मण वेगळा होता, आणि एकाच बाजारात जिनसेप्रमाणेही तो बदलत असे. जुन्या वहीत नुसते ‘१२ मण’ लिहिले असेल, तर तो कोणत्या बाजारचा व कोणत्या जिनसेचा हे ठरल्यावाचून त्याचे किलो करणे म्हणजे अंदाजाला हिशेबाचा पोशाख चढवणे होय.

तिथी एक, दिवस दोन

आपला समाज गुजरात, माळवा, दख्खन व कर्नाटक अशा अनेक मुलुखांतून वसलेला असल्यामुळे तारखांचा प्रश्न आपल्या दफ्तरात विशेष नाजूक आहे. वडोदऱ्याच्या पेढीचे विक्रम संवत्सर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होते; ग्वाल्हेरकडील प्रथेप्रमाणे ते चैत्रात सुरू होते. परिणामी चैत्रापासून दिवाळीपर्यंत दोन्हींचे आकडे एकाने वेगळे असतात. वैशाख, संवत २०१२ म्हणजे ग्वाल्हेरच्या गणनेने इसवी १९५५ चा वैशाख, तर वडोदऱ्याच्या गणनेने १९५६ चा. शिवाय आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडील पौर्णिमेला. म्हणून आपण ज्या पंधरवड्याला आश्विन वद्य म्हणतो, त्याला तिकडे कार्तिक कृष्ण म्हणतात. दिवाळीची अमावास्या आपल्याकडे आश्विनातील, तिकडे कार्तिकातील.

एखाद्या जुन्या दस्तऐवजावर ‘कार्तिक वद्य ५’ अशी मिति असेल, तर ती दिवाळीच्या आधीची की नंतरची, हे लिहिणारा कोठला होता यावर अवलंबून आहे. नुसत्या तारखेच्या कोष्टकाने हा प्रश्न सुटत नाही. पेढीचे गाव हीही त्या तारखेचीच एक बाजू आहे. साध्या उधारीच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे महिन्याची वा वर्षाची चूक किती महाग पडू शकते ते कळेल.

वर्षाची मांडणीही बदलली आहे. पूर्वी आयकरासाठी दिवाळी ते दिवाळी असे हिशेबी वर्ष धरण्याची मुभा होती. १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले. दिवाळीचे वर्ष पाळणाऱ्या पेढ्यांचे संक्रमणाचे वर्ष त्यामुळे सुमारे सतरा महिन्यांचे झाले. त्या काळातील विक्रीचे आकडे शेजारच्या वर्षांशी ताडून पाहणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्या साली धंद्याला अचानक बरकत आली आणि पुढे ती ओसरली, असा खोटा इतिहास तो लिहून ठेवील.

पोथीतील रिकामी जागा

येथवर अर्थ हरवण्याची उदाहरणे पाहिली. याची दुसरी बाजूही आहे : कधी कधी अर्थ संपून जातो आणि आकार तेवढा मागे उरतो. याचा सुंदर दाखला आपल्या ज्ञानभांडारांत आहे. पूर्वी ग्रंथ ताडपत्रावर लिहीत. पाने एकत्र राहावीत म्हणून त्यांना छिद्र पाडून दोरा ओवीत, आणि छिद्राभोवती मजकूर न लिहिता जागा सोडीत. पुढे कागद आला. दोऱ्याची गरज उरली नाही; पण लिपिकारांनी पानाचा आडवा आकार तर ठेवलाच, शिवाय मध्यभागी ती रिकामी जागाही सोडली. कित्येक पोथ्यांत तेथे रंगीत ठिपका किंवा नक्षी काढलेली दिसते. पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींच्या प्रेरणेने जेसलमेरच्या भांडारासाठी अनेक ग्रंथांच्या नव्या प्रती झाल्या. ज्ञान टिकले ते अशाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखनश्रमांमुळे.

पोथीत ती जागा शोभेची ठरली, आणि शोभेला आमची हरकत नाही. परंतु दफ्तरात अशी निरुपयोगी घरे साचू लागली की ती घातक होतात. व्हॅटचा जुना क्रमांक, जकात नाक्याच्या पावतीचे घर, बंद पडलेल्या शाखेचे संक्षेप यांचा अर्थ कोणाला विचारला तर ‘पूर्वीपासून आहे’ एवढेच उत्तर मिळते. आणि अशा रिकाम्या घरांत नवा माणूस आपल्या सोयीने भलतेच काही लिहू लागतो. म्हणून प्रत्येक घराला विचारावे : तुझे काम काय? ज्याचे काम संपले ते नव्या मांडणीत नेऊ नये. जुन्या दफ्तरात ते सुरक्षित आहेच.

करव्यवस्थेतील स्थलांतर

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. १ जुलै २०१७ रोजी वस्तु व सेवा कर अमलात आला, आणि देशातील व्यापाऱ्यांना एकाच वेळी नव्या मांडणीत यावे लागले. जुन्या करांचे शिल्लक श्रेय पुढे आणण्यासाठी ‘ट्रान-१’ हा नमुना भरावयाचा होता. मुदतवाढ होत होत त्याची मुदत २७ डिसेंबर २०१७ रोजी संपली. ज्यांचा नमुना तांत्रिक अडचणीने वा अपुऱ्या तयारीने राहिला, त्यांचा हक्काचा पैसा अडकून पडला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ या दोन महिन्यांसाठी ही सोय पुन्हा खुली झाली. जवळजवळ पाच वर्षांनंतर दार उघडले, तेव्हा ज्यांच्यापाशी जुनी बिले व साठ्याच्या नोंदी शाबूत होत्या त्यांची बाजू भक्कम राहिली. स्थलांतर पुरे झाले म्हणून जुने दफ्तर रद्दीत घालणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. सांप्रत कायद्यानेही वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने दफ्तर जपणे बंधनकारक आहे.

या नव्या मांडणीतील तीन घरांची येथे विशेष चर्चा करतो.

पहिले घर मालाच्या वर्गाचे. मालाच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत १९८८ पासून अमलात आहे. तिचे आकडे आज आपल्या बिलावर येतात. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्याने नोंदणीकृत व्यापाऱ्यास दिलेल्या बिलावर चार आकडे, आणि त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्याने सर्व बिलांवर सहा आकडे लिहावयाचे आहेत. जुन्या मालवहीत ‘भांडी’ हे एकच खाते असे. नव्या मांडणीत लोखंड-पोलादाची भांडी ७३२३ मध्ये, तांब्या-पितळेची ७४१८ मध्ये आणि ॲल्युमिनियमची ७६१५ मध्ये जातात. एका घराची तीन घरे झाली! जुन्या नोंदीत धातू लिहिलेला नसेल, तर ती कोठे जावी हे वहीत बघून कळणार नाही. गोदामात जाऊन भांडे हाती घ्यावे लागेल. कापडाचेही तसेच. मुख्यतः सुताचे, म्हणजे ८५ टक्के वा अधिक कापूस असलेले विणीचे कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत वजनाचे असेल तर ५२०८ मध्ये येते, त्याहून जड असेल तर ५२०९ मध्ये. ‘लठ्ठा’ किंवा ‘मांजरपाट’ या नावांत वजन सांगितलेले नाही. नव्या मांडणीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जुन्या मांडणीत मुळातच नसते, तेव्हा ते शोधून आणावे लागते. तर्काने भरलेले घर रिकाम्या घरापेक्षा वाईट, कारण रिकामे घर निदान आपली उणीव सांगते.

दुसरे घर राज्याचे. नोंदणीक्रमांकाची पंधरा अक्षरे असतात. पैकी पहिले दोन आकडे राज्याचे व पुढील दहा अक्षरे पॅनची. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, गुजरात २४, मध्य प्रदेश २३, तेलंगण ३६. बेळगावच्या सभासदांना याचे महत्त्व निराळे सांगणे नको. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकवहीत नाव व गाव एवढेच असे. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. दोन्ही गावे एकाच हमरस्त्यावर, बाजारही परस्परांत मिसळलेला. वहीला राज्याची गरज नव्हती, म्हणून ते घर नव्हते. नव्या प्रणालीत गिऱ्हाइकांची नावे भरताना राज्याचे घर पेढीच्या स्वतःच्या राज्याने आपोआप भरले गेले, तर कागलला पोचता केलेला माल राज्यांतर्गत ठरतो. एकत्रित कराऐवजी केंद्राचा व राज्याचा असे दोन कर भरले जातात. अशा वेळी योग्य कर नव्याने भरून चुकीच्या खात्यात गेलेल्याचा परतावा मागावा लागतो. त्यावर व्याज लागत नसले, तरी मधल्या काळात भांडवल अडकते आणि गिऱ्हाइकाचे श्रेय लांबते ते वेगळेच. हैदराबादशी व्यवहार असलेल्या पेढ्यांनीही आपल्या याद्या तपासाव्यात. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. त्यापूर्वीच्या यादीतील ‘आंध्र प्रदेश’ हा शब्द सरसकट पुढे नेता येत नाही. प्रत्येक गाव पाहावे लागते.

तिसरे घर बिलाच्या क्रमांकाचे. १ ऑगस्ट २०२३ पासून, २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा अधिक झाली असेल, त्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील विक्रीसाठी ई-बिल आवश्यक झाले. विक्रेत्याचा नोंदणीक्रमांक, दस्ताचा प्रकार, त्याचा क्रमांक व आर्थिक वर्ष या चार गोष्टींवरून पोर्टल ६४ अक्षरांची एक ओळख तयार करते. बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्यात इंग्रजी अक्षरे, आकडे, आडवी रेघ व तिरकी रेघ एवढेच असावे, आणि तो एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. त्याची सुरुवात शून्याने किंवा रेघेने केल्यास ई-बिलाचे पोर्टल तो स्वीकारीत नाही. दोन दुकानांची बिले प्रत्येकी एकपासून सुरू करण्याची आपली जुनी रीत वेगळ्या वह्यांत चालत असे. एकाच नोंदणीखाली एकत्र आणल्यावर तीच दोन बिले एकमेकांवर आदळतात. प्रत्येक दुकानाला क्रमांकाआधी एक अक्षर दिले की प्रश्न मिटतो. मात्र ते वर्षाच्या पहिल्या बिलाआधी ठरले पाहिजे.

यंत्रांच्या माहितीपुस्तिका

आपल्यातील काही सभासद पंप, मोटारी व सुट्या भागांचा व्यापार करतात. त्यांना हाच प्रश्न माहितीपुस्तिकांच्या रूपाने भेटतो. कारखान्यांच्या पुस्तिका आता साध्या छपाईसाठी न लिहिता घराघरांत विभागून संगणकावर ठेवतात. ‘डॉकबुक’ या जुन्या मांडणीत मजकूर ग्रंथासारखा असतो : प्रकरणे, पोटप्रकरणे, परिच्छेद. २००५ साली मानक म्हणून मान्य झालेल्या ‘डिटा’ या मांडणीत तो लहान स्वतंत्र विषयांत तोडतात, आणि प्रत्येक विषय कल्पना समजावणारा आहे, कृती सांगणारा आहे की संदर्भ पुरवणारा, हे ठरवावे लागते. जुन्या पुस्तिकेत एकाच प्रकरणात तिन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. कृतीच्या पायऱ्या यंत्राच्या साहाय्याने वेगळ्या काढता येतील. परंतु ‘झडप उघडण्यापूर्वी वीज बंद असल्याची खात्री करावी’ हे वाक्य परिच्छेदाच्या पोटात दडलेले असेल, तर ती पायरी आहे की धोक्याची सूचना, हे जाणकारालाच ठरवावे लागेल. तेथील चूक रुपये-पैशांत मोजता येणार नाही. दफ्तर असो की पुस्तिका, तत्त्व एकच.

कामाची रीत

या विवेचनावरून कामाची जी रीत आम्हांला योग्य वाटते, ती क्रमाने देतो.

१. प्रथम जुन्या मांडणीची यादी करावी. प्रत्येक घराचे नाव, त्यात प्रत्यक्ष काय लिहिले जाते, आणि त्याचे अलिखित संकेत कोणते, हे लिहून काढावे. यासाठी वही लिहिणाऱ्या माणसाजवळ बसणे आवश्यक आहे.

२. नंतर जुळणीचे पत्रक करावे. जुने घर डावीकडे, नवे उजवीकडे. काही घरे सरळ जुळतील. काही एकाची अनेक होतील. काही अनेकांचे एक होईल. काहींना जोडीदारच मिळणार नाही. शेवटच्या तीन प्रकारांबद्दलचा निर्णय घरच्या कर्त्या माणसाने घ्यावा आणि त्याचे कारण तेथेच लिहून ठेवावे.

३. सर्व दफ्तर एकदम हलवू नये. एका महिन्याचे प्रथम उतरवावे, आणि तो महिना शक्यतो गर्दीचा, परतीच्या मालाचा व उधारीचा असावा. सरळ महिन्यात कोणतीही मांडणी चांगलीच दिसते.

४. तपासणी तीन प्रकारची करावी. नोंदींची संख्या जुळवावी, रकमांची बेरीज जुळवावी, आणि काही नोंदी डोळ्यांनी मुळाशी ताडून पाहाव्यात. पहिल्या दोन्ही जुळूनही अर्थ उलटू शकतो, हे तेरजेच्या उदाहरणात आपण पाहिले.

५. नव्या मांडणीत ‘मूळ शेरा’ असे एक घर ठेवावे, आणि जे कोठेच बसले नाही ते त्यात जुन्या शब्दांतच लिहावे. जुन्या वहीचे पान व ओळही तेथे नोंदवावी. उद्या शंका आली तर मुळापर्यंत जाण्याची वाट मोकळी राहते.

६. अमुक दिवसापासून नवी मांडणी असे एकदा ठरले की जुनीत नवी नोंद करू नये. दोन्हींत लिहीत राहिल्याने सुरक्षितता वाटते, पण काही आठवड्यांतच दोन्ही वेगळे बोलू लागतात आणि खरे कोणाचे हे ठरत नाही.

७. जुने दफ्तर कोरड्या जागी, क्रमाने व यादीसह जपावे. संगणकावरील जुनी प्रत असेल, तर ती उघडून वाचता येते ना, हे वर्षातून एकदा पाहावे.

समारोप

या सात नियमांत यंत्राने करावयाचे काम थोडे आणि माणसाने करावयाचे अधिक आहे. खर्च वाचावा म्हणून बहुतेक ठिकाणी पहिली व दुसरी पायरी गाळली जाते. पुढे वर्ष-दोन वर्षांनी करखात्याची विचारणा येते किंवा भावाभावांत वाटणीचा प्रसंग येतो, तेव्हा वाचवलेल्या खर्चाच्या कैक पट किंमत द्यावी लागते. भागीदाराच्या खात्यातील एखादा न समजलेला आकडा केवळ हिशेबाचा प्रश्न राहत नाही. त्यावरून मनांत किंतु येतो, आणि किंतु आलेली मने पुन्हा जुळण्यास पिढी लागते.

म्हणून आमची सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना आग्रहाची विनंती आहे. ज्यांना जुन्या वहीचे संकेत ठाऊक आहेत असे वडीलधारे, जुने दिवाणजी, दुकान सांभाळलेल्या आजी-काकू आज अनेक घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसून हे संकेत लिहून घ्यावेत, आणि लिहून घेण्याचे काम घरातील मुलामुलींनी करावे. यासाठी संगणक लागत नाही. एक वही, पेन्सिल आणि काही संध्याकाळी पुरतात. प्रणाली बाजारात केव्हाही विकत मिळेल. टिंबाचा अर्थ सांगणारा माणूस मात्र बाजारात मिळत नाही, आणि तो आपल्याजवळ कायमचा राहणारही नाही. येत्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक पेढीने एवढे एक काम हाती घेतले, तर पुढच्या पिढीला मिळणारे दफ्तर नुसते बेरजेने जुळणारे असणार नाही. ते तिला वाचताही येईल.